समासातली एक ओळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पिशवीभर जुने कागद घेऊन घरी आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचा गाव. चार खणांचे मातीचे घर, मागे थोडे कुळागर, एवढीच इस्टेट. पण वाटणी करायची म्हणून इन्व्हेंतार घातले तेव्हा वकिलाने एक प्रश्न विचारला आणि सगळे अडले. आजोबांची एक बहीण होती, ती लग्न होऊन गेली होती, मग तिचा नवरा किंवा त्या नवऱ्याचे वारस कुठे आहेत?

गोव्याबाहेरच्या वाचकाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आपल्याला वाटणार नाही. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात. माहेरून आलेला वाटासुद्धा त्या एकत्रात जातो. मुलीला बापाच्या इस्टेटीत मुलासारखाच हक्क. म्हणजे ही आजी बाप वारला तेव्हा विवाहित असेल, तर तिच्या वाट्याचा अर्धा भाग नवऱ्याचा. त्या माणसाला ह्या घरातल्या कोणी सत्तर-ऐंशी वर्षांत पाहिलेलेही नव्हते.

"पण ती माहेरीच राहायची ना?" मी विचारले.

"हो तर. मी लहानपणी पाहिली आहे तिला. तिका घोवान सोडली, अशेंच आयकलां आमी."

सोडली म्हणजे काय? टाकली, की रीतसर फारकत झाली? घरात कुणालाच ठाऊक नव्हते. विचारायची पद्धतही नव्हती.

ही फारकत शोधायची कुठे, इथून आमचा खटाटोप सुरू झाला. अमेरिकेतल्या एखाद्या खेडवळ काउंटीत हे काम असते तर तिथल्या कोर्टाच्या लिपिकाकडे जाऊन नावे आणि साल सांगायचे, फाईल मागायची. तिथे घटस्फोट म्हणजे मुख्यत्वे कोर्टाचा कागद. आपल्याकडे तसे नाही. गोव्याच्या नागरी नोंदणीत जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे पुस्तक असते. ज्याला घटस्फोट हवा त्याने आधी लग्न शोधायचे. कोर्टाचा निकाल लागला की त्याची नोंद मूळ विवाहनोंदीच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, समासात करतात. पोर्तुगीजमध्ये तिला आव्हेर्बामेंत म्हणतात. संसार मोडल्याची ही बातमी संसार मांडल्याच्याच पानावर, कडेला, बारीक अक्षरात.

हे सगळे आले कुठून? 5 ऑक्टोबर 1910 रोजी लिस्बनला राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. महिनाही झाला नव्हता, तोच 3 नोव्हेंबरला नव्या सरकारने घटस्फोटाचा कायदा काढला. पाठोपाठ 25 डिसेंबरला विवाहाचा कायदा आला आणि लग्न हा नागरी करार ठरला. हे कायदे पुढे गोव्यातही लागू झाले. त्यात व्यभिचार हे कारण दोघांनाही सारखेच होते. मारहाण, तीन वर्षे घर टाकून जाणे, चार वर्षे काहीही खबर नसणे, जुगाराचे जडलेले व्यसन, दहा वर्षे परस्परांच्या राजीने वेगळे राहणे अशी इतर कारणे. लग्नाला दोन वर्षे झाली असतील आणि दोघांनी पंचविशी ओलांडली असेल तर संमतीनेही घटस्फोट मिळे.

आता घाटावरची स्थिती आठवा. रखमाबाईंचा खटला 1884 ते 1888 असा गाजला, पण त्यानंतरही तिथल्या हिंदू बाईला कायद्याने विवाह मोडायची वाट नव्हती. बडोद्याला सयाजीरावांच्या राज्यात ती 1931 मध्ये झाली, मुंबई प्रांतात 1947 मध्ये, आणि सबंध भारताला 1955 मध्ये. गोव्यातल्या हिंदू बाईला कागदावर ती त्याआधी कितीतरी वर्षे मिळाली होती. कागदावर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 1880 च्या हिंदू रूढींच्या संहितेने पुरुषाला दुसरी वाट आधीच दिली होती. बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर दुसरे लग्न करता येई. त्याला कोर्टाची गरज फारशी नव्हती. बाईला होती, आणि कोर्टाची भाषा पोर्तुगीज. नव्या काबिजादींतल्या माणसाने डिचोलीच्या किंवा केप्याच्या कोमार्कात जायचे, तिथे एस्क्रिव्हांवपुढे उभे राहायचे, वकिलाची फी भरायची. शिवाय गावगाड्यातल्या अनेक जातींत काडीमोडाची आणि पाटाची चाल होतीच. चार पंच बसले, काडी मोडली, झाले. त्याचा कागद नसतो, तो शोधूही नये.

आम्ही मात्र शोधायला निघालो होतो. पहिला अडथळा स्पेलिंगाचा. आपली नावे पोर्तुगीज लेखनिकाने कानाने ऐकून लिहिली आहेत. परबाचा पोरोब होतो, शेणव्याचा सिनाय. 'श' ने सुरू होणारे शेट किंवा शंकर एक्सच्या पानावर सापडतात. केशव, केणी अशी नावे क्यूच्या पानावर पाहावी लागतात. आडनावाने सूची चाळून काही मिळाले नाही तर व्यक्तीच्या पहिल्या नावाने चाळावी, कारण जुन्या पोर्तुगीज रिवाजात सूची पुष्कळदा पहिल्या नावावर असते. आणि लग्न ज्या तालुक्यात नोंदले तिथेच जायचे. बहुधा तो मुलीचा तालुका असतो, पण नेहमी नाही. जुनी पुस्तके तालुक्याच्या उपनिबंधकाकडून पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलेली असतात. त्या खात्याची परंपरा 1595 पासूनची. दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रखवालदार, आणि पुढे आपल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथले दप्तर जगापुढे आणले. मोडी-पोर्तुगीज राजकारणासाठी तिथे विद्वान येतात. आजीचे लग्न शोधायला येणारेही कमी नाहीत, विशेषतः लिस्बनच्या पासपोर्टासाठी.

आधी एका कचेरीत आम्ही चार हेलपाटे घातले. पुस्तक इथे नाही, तिथे आहे. तिथे नाही, इथेच आहे. पाचव्या खेपेला एका जुन्या कारकुनाने कपाटाच्या तळातून ते काढून दिले. असो. नोंद सापडली. दोघांची नावे, वडिलांची नावे, वाडा, वय, साक्षीदार. आणि डाव्या समासात वेगळ्या शाईत चार ओळी. विवाह घटस्फोटाने विसर्जित, अमुक तारखेचा न्यायालयाचा निकाल, खाली सही. गृहस्थांनी बापाच्या, म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या, मृत्यूची तारीख चिठ्ठीवर लिहून आणली होती. निकाल त्याच्या आधी चार वर्षे लागला होता. घर वाचले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळजण इथेच चुकतात. दाखला मागताना साधा संक्षिप्त मागू नये, त्यात समासातली नोंद उतरेलच असे नाही. तेओर मागावा, म्हणजे पानावर जे जे आहे ते अक्षरशः. अर्जात दोघांची नावे, अंदाजे साल, गाव आणि असल्यास पुस्तक व नोंदीचा क्रमांक लिहावा.

समास कोरा असला तर मात्र लगेच 'घटस्फोट झालाच नाही' असे म्हणू नये. निकाल लागूनही कोणी तो नोंदणीपर्यंत नेला नाही, असे होऊ शकते. कॅथलिक कुटुंब असेल तर आणखी एक साल लक्षात ठेवायचे. 1940 मध्ये सालाझारच्या सरकारने व्हॅटिकनशी करार केला, आणि 22 जानेवारी 1946 च्या 35461 क्रमांकाच्या हुकुमाने तो वसाहतींतल्या लग्नांना लागू केला. त्यापुढे चर्चमध्ये लग्न करणाऱ्याने घटस्फोटाचा हक्क सोडला असे धरले गेले. अशा लग्नाची रद्दबातल नोंद हवी तर आल्तिन्यावरच्या धर्मपीठाच्या न्यायासनाकडून निकाल आणि त्यावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागत असे. खुद्द पोर्तुगालने 1975 मध्ये हा निर्बंध काढला. आपण 1961 मध्येच त्यांच्यापासून सुटलो होतो, म्हणून त्यांची ती सुधारणा आपल्याकडे आली नाही! 1946 चा हुकूम मात्र इथे राहिला. एकेकाळी दोन्ही धर्मांच्या बायकांना सारखा असलेला हक्क एकीकडून काढून घेतला गेला, ह्याबद्दल समान नागरी कायद्याच्या गौरवपर भाषणांत फारसे कोणी बोलत नाही.

काम झाले होते, पण माझे समाधान होईना. त्या चार ओळींत कोणी कोणाला सोडले ते नव्हते. न्यायालयाची फाईल मिळाली नाही. तेव्हा पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बोलेतीं ओफिसियालचे खंड काढून बसलो. प्रतिवादीचा ठावठिकाणा नसला की कोर्ट त्याला सरकारी गॅझेटातून हाक घालत असे. निकालाच्या तारखेपासून मागे मागे जाताना तिसऱ्या दिवशी ती जाहिरात सापडली. अमुक गावची अमुक बाई, वादी. तिचा नवरा, ठिकाण अज्ञात, मुंबईस गेल्याचे समजते, त्याने ठरल्या मुदतीत हजर व्हावे. चार वर्षे खबर नसणे, हे कारण.

म्हणजे दावा तिनेच लावला होता. ज्या बाईला पोर्तुगीजचे अक्षर येत नव्हते तिने. बापाने पैसे दिले असतील, नाहीतर बांगड्या मोडल्या असतील, ते कुठे लिहिलेले नाही.

झेरॉक्स घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि अर्थ सांगितला. ते बराच वेळ त्या कागदावरच्या नावाकडे बघत बसले. आजीचे नाव त्यांनी छापलेले प्रथमच पाहिले होते. मग आत वळून बायकोला म्हणाले, "आयकतां गो? घोवान सोडूंक ना. तिणें सोडलो."

वकिलाला तेओरची एक प्रत हवी होती. त्यांनी दोन काढल्या.