रॉयल ओकचा आवाज

अमेरिकेच्या मिशिगन संस्थानात, डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस काही मैलांवर रॉयल ओक नावाचे उपनगर आहे. 1926 साली तेथील कॅथलिक कुटुंबे मोजू गेल्यास दोन-अडीच डझनांपलीकडे जात नसत. अशा ठिकाणी डेट्रॉइटचे बिशप मायकेल गॅलघर यांनी एक नवे चर्च उभारावयाचे ठरविले आणि ते त्याच्या आदल्याच वर्षी संतपदाला पोचलेल्या लिझ्यूच्या तेरेजाला, म्हणजे ‘लिटल फ्लॉवर’ला वाहिले. या कामावर त्यांनी नेमलेला धर्मगुरू पस्तिशीचा होता. कॅनडातील हॅमिल्टन गावी 1891 साली आयरिश कुळात जन्मलेले, 1916 साली दीक्षा घेतलेले आणि काही काळ महाविद्यालयात अध्यापन केलेले हे फादर चार्ल्स कॉग्लिन.

चर्च लाकडी, डोक्यावर कर्ज, मिस्सेला माणसे तुरळक. त्यात कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी आवारात क्रूस पेटवून दिला, असे फादर पुढे सांगत असत. धर्मग्राम चालवावयाचे कसे, हा प्रश्न होता. उत्तर सापडले ते नभोवाणीत. 17 ऑक्टोबर 1926 रोजी डेट्रॉइटच्या डब्ल्यू. जे. आर. केंद्रावरून त्यांचे पहिले भाषण झाले. मुंबईचे नभोवाणी केंद्र त्या वेळी सुरूही झाले नव्हते. ते 23 जुलै 1927 चे. जगात सर्वत्रच हे यंत्र नवे होते. त्यातून बोलावे कसे, हे फारच थोड्यांना उमगले होते. कॉग्लिन यांना ते पहिल्या दिवसापासून अवगत होते असे दिसते.

आरंभीची भाषणे मुलांसाठी होती. ऑर्गनचे सूर, धर्मबोध, संतांच्या कथा. आवाज गंभीर, घोटलेला आणि किंचित आयरिश वळणाचा. र-काराचा उच्चार लांबविण्याची लकब. उत्तम कीर्तनकार जसा पूर्वरंगात आवाज राखून ठेवतो आणि उत्तररंगात तो सोडतो, तसेच हे फादर हळू बोलत बोलत चढत जात. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस माझ्याच घरात येऊन माझ्याशीच बोलतो आहे.

1929 च्या मंदीने या आवाजाला विषय दिला. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. कारखाने थंडावले तशी तेथे बेकारांची रीघ लागली. 1933 च्या फेब्रुवारीत मिशिगनमधील सर्व बँकांना टाळी लागली. ठेवीदार दाराशी उभे आणि आत कोणी उत्तर देणारे नाही. अशा वेळी दर रविवारी दुपारी हा धर्मगुरू सावकारशाहीला जाब विचारी, कामगाराच्या न्याय्य वेतनाची बाजू मांडी आणि आधाराला तेराव्या लिओ पोपचे 1891 चे व अकराव्या पायस पोपचे 1931 चे परिपत्रक घेई. तो जे म्हणत होता त्यातील बराच भाग खरा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. उपाशी माणसाला तुझी उपासमार हा तुझा दोष नव्हे असे सांगणारा कोणी तरी हवा होता. आणि तसे सांगणारे फार नव्हते.

1930 साली कोलंबिया कंपनीने त्यांची भाषणे देशभर नेली. थोड्याच दिवसांत भाषा सौम्य करावी असे कंपनीने सुचविले. कॉग्लिन यांनी ही गोष्ट थेट श्रोत्यांपुढे ठेवली आणि निषेधाच्या पत्रांचा कंपनीवर पाऊस पडला. तरीही 1931 साली कंपनीने करार पुढे चालविला नाही. तेव्हा श्रोत्यांकडून येणाऱ्या लहान लहान देणग्यांच्या बळावर त्यांनी स्वतःच निरनिराळ्या केंद्रांची वेळ विकत घेऊन आपले जाळे विणले. ऐन भरात श्रोत्यांची संख्या तीन कोटींच्या घरात होती असा अंदाज केला जातो. पत्रांचा निपटारा करण्यास शंभराहून अधिक कारकून लागत. त्याच पैशातून रॉयल ओक येथे दगडी मनोरा उभा राहिला. त्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची भव्य मूर्ती कोरलेली आहे. मनोऱ्यातील खोलीतून फादर बोलत असत.

1932 साली त्यांनी रूझवेल्टची बाजू उचलून धरली. ‘रूझवेल्ट किंवा सर्वनाश’ ही त्यांचीच घोषणा. परंतु राष्ट्राध्यक्ष आपला सल्ला घेईल ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. कॉग्लिन यांना चांदीचे चलन वाढवावयाचे होते. 1934 साली अर्थमंत्री मॉर्गेन्थॉ यांनी चांदीचा साठा करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा फादरांच्या संस्थेच्या वतीने त्यांच्या चिटणीस बाईंनी पाच लाख औंस चांदीचे सौदे केल्याचे उघड झाले. सट्टेबाजांवर आसूड ओढणाऱ्याच्या बाबतीत हे विशेषच शोभणारे होते! तथापि भक्तांची श्रद्धा ढळली नाही. जानेवारी 1935 मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील व्हावे की नाही यावर सिनेटमध्ये मतदान व्हावयाचे होते. त्याच्या आदल्या रविवारी कॉग्लिन यांनी विरोधाच्या तारा धाडण्याचे आवाहन केले. तारांच्या थप्प्या लागल्या. ठरावास 52 मते पडली, विरुद्ध 36. दोन-तृतीयांशास सात मते कमी पडली आणि ठराव बारगळला.

त्यानंतर त्यांना आवर राहिला नाही. कॅनडात जन्मल्यामुळे ते स्वतः राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नव्हते. म्हणून 1936 साली विल्यम लेम्के यांना पुढे करून त्यांनी युनियन पक्ष काढला. क्लीव्हलंडच्या सभेत अंगातील कोट व गळ्यातील धर्मगुरूची पट्टी उतरवून त्यांनी रूझवेल्टना विश्वासघातकी व लबाड म्हटले. मागाहून माफी मागावी लागली. लेम्केंना नव्वद लाख मते मिळवून देईन, नाही तर नभोवाणी सोडीन, असा त्यांचा पण होता. मते पडली नऊ लाखांहूनही कमी. रूझवेल्ट 48 पैकी 46 संस्थानांत विजयी झाले. फादरांनी निरोपाचे भाषण केले आणि थोड्याच आठवड्यांत ते परत आले.

परत आला तो आवाज तोच, परंतु मजकूर पालटलेला. सावकार या शब्दाच्या जागी आता ज्यू हा शब्द ऐकू येऊ लागला. 1938 च्या उन्हाळ्यात त्यांच्या ‘सोशल जस्टिस’ साप्ताहिकाने ज्यूंच्या कथित जागतिक कटाचे ते कुप्रसिद्ध बनावट कागद छापले, जे बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 सालीच दाखवून दिले होते. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फुटली, हजारो माणसे छळछावण्यांत गेली. 20 नोव्हेंबरला कॉग्लिन बोलले. ज्यूंचा छळ ही साम्यवादाविरुद्धची स्वाभाविक प्रतिक्रिया होय, असा त्यांचा सूर होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एम. सी. ए. केंद्राने त्यांचे पुढील भाषण घेण्याचे नाकारले. डिसेंबरात त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका लेखातील कित्येक भाग गोबेल्सच्या 1935 च्या भाषणातून जसेच्या तसे उचललेले निघाले. तेराव्या लिओच्या परिपत्रकापासून ही वाट येथवर आली होती.

मग ख्रिस्तसभा काय करीत होती? हा प्रश्न कॅथलिक माणसाला टाळता येत नाही. मॉन्सिन्यॉर जॉन रायन यांनी 1936 सालीच नभोवाणीवरून त्यांना जाहीर उत्तर दिले होते. शिकागोचे कार्डिनल मंडलाइन यांनी 1938 च्या डिसेंबरात स्पष्ट सांगितले की हे फादर ख्रिस्तसभेच्या वतीने बोलत नाहीत. परंतु धर्मगुरूला आवरण्याचा अधिकार त्याच्या बिशपाचा असतो, आणि बिशप गॅलघर मृत्यूपर्यंत, म्हणजे 1937 च्या आरंभापर्यंत, त्यांच्या पाठीशी राहिले. त्यांच्या जागी आलेल्या आर्चबिशप एडवर्ड मूनी यांनी एकदा कान उघाडणी केली; पण अनुयायांचा क्षोभ पाहून पाऊल जपून टाकले. हे जपणे फार लांबले. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ‘ख्रिश्चन फ्रंट’चे तरुण ज्यूंना मारहाण करीत होते आणि ती संघटना याच आवाजाच्या प्रेरणेने जन्मली होती. जानेवारी 1940 मध्ये तिच्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून सतरा जणांना सरकार उलथविण्याच्या कटासाठी अटक झाली, मात्र शिक्षा कोणालाही झाली नाही.

आवाज बंद पडला तो प्रथम बाजाराच्या नियमाने. ध्वनिक्षेपण संस्थांच्या संघाने 1939 साली नियम केला की वादग्रस्त विषयांवरील भाषणांसाठी वेळ विकावयाची नाही. केंद्रे एकामागून एक गळाली आणि 1940 साली भाषणे थांबली. साप्ताहिक चालूच होते. अमेरिका युद्धात उतरल्यावर 1942 च्या वसंतात सरकारने त्याची टपालाची सवलत काढून घेतली. 1 मे रोजी आर्चबिशप मूनींनी आज्ञा केली की राजकारण सोडा. फादरांनी ती शिरसावंद्य मानली.

त्यानंतर 1966 पर्यंत, म्हणजे आणखी चोवीस वर्षे, ते त्याच चर्चचे धर्मगुरू होते. लग्ने लावली, बाप्तिस्मे दिले, मृतांना मूठमाती दिली. 27 ऑक्टोबर 1979 रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रॉयल ओकचा दगडी मनोरा अजून उभा आहे.