नवापूरच्या गावठी कोंबड्या

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला म्हणून त्या दिवशी जाहीर झालं. तोवर गावाची ओळख एवढीच, की रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. कोंबड्या आधीपासूनच मरत होत्या. पोल्ट्रीवाले म्हणायचे, राणीखेत असणार. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ सांगितलं आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडांत शिरली. लाखोंनी पक्षी मारून खड्ड्यांत पुरले.

हे सगळं पेपरात आलं. पाड्यांवरचं मात्र कुणी धड लिहिलं नाही. तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, असा नियम. त्यात मावची-भिल्लांच्या दारातल्या गावठी कोंबड्याही आल्या. शेडमधली कोंबडी हात घातला की सापडते. गावठी आधी कौलांवर, तिथून आंब्यावर. दिवेलागणीला ती आपण होऊन डालग्याखाली येते. आईनं पथकाला तसं सांगितलंही, पण तोवर थांबायला त्यांना वेळ कुठला! दुपारभर नुसती पळापळ.

या कोंबड्या कुठल्याच खातेवहीत नव्हत्या. तलंग शेजारणीकडे अर्ध्या वाट्यानं द्यायची, पिल्लं झाली की निम्मी आपली. अंड्यांवर मीठ-मिरची, कोंबड्यावर पोराची वह्या-पुस्तकं. नवसाचा कोंबडा वेगळा राखलेला. त्या साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. तेव्हाच भरणाऱ्या देवमोगऱ्याच्या याहा मोगी देवीच्या यात्रेला आठ दिवस उरले होते आणि घरात कोंबडाच नाही. भरपाई पक्षी मोजून मिळाली. नवसाच्या कोंबड्याला वेगळा दर नव्हता; असणार तरी कसा म्हणा.

शेडवाल्यांनी ट्रकनं पिल्लं आणली, धंदा पुन्हा उभा केला. पाड्यावर खुडूक कोंबडी मिळवा, अंडी बसवा, २१ दिवस थांबा; निघालेल्या पिल्लांतली कितीतरी घार आणि मुंगूस नेणार. पूर्वीएवढ्या कोंबड्या दारात दिसायला आम्हाला काही वर्षं लागली.

२०२१च्या फेब्रुवारीत रोग पुन्हा नवापुरातच आला. या वेळी मारण्याचा परीघ एक किलोमीटरचा, म्हणून आमचा पाडा वाचला. पण कोंबड्या बाजारात विकायला बंदी होती. तो महिना मीठ-मिरची उधारीवर आली.