अकरा बाय पावणेआठ

लाकडी प्रॉपेलरच्या मध्यावर, बोल्टच्या भोकाशेजारी, दोन आकडे छापलेले असतात: ११ × ७¾. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात ठरावीक अंतर शिरतो; तसं हवा जराही न निसटता प्रॉपेलर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल, ते त्याचं पिच. १९७०च्या दशकात रेडिओवर चालणारी कसरती विमानं उडवणाऱ्यांना हा अकरा बाय पावणेआठ चांगलाच परिचयाचा होता. टॉप फ्लाइट आणि रेव्ह-अप या अमेरिकी कंपन्या तो लाकडात घडवत. पाव इंचाची ही चिकित्सा कुठून आली, हे समजायला त्याच्या आधीच्या पिढीकडे जावं लागतं.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी ‘ओरायन’ विमानावर ती जिंकली. त्यांचंच पुढचं ‘टॉरस’ आजही जुन्या विमानांच्या शौकिनांचं लाडकं आहे. त्या काळचा रेडिओ ‘रीड’ पद्धतीचा होता. रिसीव्हरमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असत. ठरावीक सूर आला की ठरावीक पट्टी थरथरे आणि तिच्याशी जोडलेली मोटर हले. ही हालचाल एक तर पूर्ण होई, नाही तर होतच नसे. म्हणून वैमानिक बटण टकटक दाबत विमान सावरत. असं विमान वेगाने पळवणं धोक्याचं होतं. त्यामुळे पंख जाड, चाल संथ, आणि सुमारे साडेसात सीसीच्या इंजिनावर ११ × ६ सारखा कमी पिचचा प्रॉपेलर. अकरा हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) त्याचा हिशेबी वेग, म्हणजे पिच गुणिले फेरे, ताशी १०० किलोमीटर येतो.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रपोर्शनल’ रेडिओ रुळला. काडी जेवढी हलवावी तेवढंच सुकाणू हलू लागलं. १९६७ची जागतिक स्पर्धा जिंकणारे फिल क्राफ्ट हे स्वतः अशा रेडिओंचे निर्माते होते, यात मला सगळ्या बदलाचं सार दिसतं. हात अचूक झाल्यावर विमानं सडपातळ आणि वेगवान झाली, इंजिनं नियमाने घातलेल्या १० सीसीच्या मर्यादेला जाऊन भिडली, आणि प्रॉपेलरचं पिच सहावरून सातावर, साडेसातावर सरकलं.

मग आला ट्यून्ड पाइप. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेल्या वायूबरोबर थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. या नळीच्या निमुळत्या टोकावरून दाबाची लाट परत फिरते आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. मात्र लाट नेमक्या क्षणी पोचली तरच हे साधतं, म्हणजे आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यातच. प्रॉपेलर जड झाला तर इंजिन त्या पट्ट्यापर्यंत चढतच नाही; हलका झाला तर तो ओलांडून नुसतंच किंचाळतं. पाव इंचाचं मोल इथे कळतं. चौदा हजार आरपीएमला पाव इंच पिच म्हणजे हिशेबी वेगात ताशी पाच किलोमीटरांचा फरक, आणि इंजिनावरच्या भारात पडणारा फरक वेगळाच. आठ इंचाला दमणारं इंजिन पावणेआठला पाइपवर ‘चढे’. तरबेज वैमानिक तेवढ्यावर न थांबता पात्यांना पॉलिश पेपर लावून आणखी हलका हात फिरवत.

ऑस्ट्रियाचे हान्नो प्रेटनर यांनी १९७७ साली ‘कुरारे’ विमानावर जगज्जेतेपद मिळवलं ते याच युगात. तेव्हा कसरती परीक्षकांसमोर मध्यभागी होत आणि दोन कसरतींच्या मध्ये वळून वेग गोळा करायला मोकळीक असे. जेवढा वेग जमवावा तेवढा लूप मोठा. प्रॉपेलरचा व्यास मात्र अकरा इंचांच्या आसपासच राहिला. एक तर जास्त फेऱ्यांची गरज होती, आणि आत मिटणाऱ्या चाकांचे पाय आखूड असल्याने गवतावर बारा इंची पातं टेकण्याची धास्ती.

१९८०च्या दशकात दोन गोष्टींनी हे युग संपवलं. कसरती सलग, मैदानाच्या दोन्ही टोकांनाही करायच्या असं ठरल्याने वेग गोळा करायची जागाच उरली नाही. वर जाताना आणि खाली येताना एकसारखी चाल हवी झाली. दुसरी गोष्ट आवाजाची मर्यादा. चौदा हजार आरपीएमला अकरा इंची पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २०५ मीटर धावतं आणि कर्कश ओरडतं. उत्तर निघालं ते लाँग-स्ट्रोक इंजिनांचं आणि १२ × ११ सारख्या प्रॉपेलरचं. दहा हजार आरपीएमला त्याचं टोक १६० मीटरवर येतं, तरी हिशेबी वेग ताशी १६८ किलोमीटर राहतो. पावणेआठ चौदा हजारांवर १६५ देत असे. आजची दोन मीटरची विद्युत विमानं वीस-एकवीस इंची प्रॉपेलर आणखी सावकाश फिरवतात, ती याच वाटेने पुढे जाऊन.

जुनं विमान नव्याने बांधणारे पुष्कळदा इथे चुकतात, असं माझं ठाम मत आहे. ताकदवान नवं इंजिन हाती असतं, म्हणून टॉरसवर अकरा इंच पिच चढवलं जातं. अडीच हजार आरपीएमच्या आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं सुरू असताना, सहा इंच पिचचा हिशेबी वेग ताशी २३ किलोमीटर असतो, अकरा इंचांचा ४२. उतरताना पहिला ब्रेकसारखा विमानाला धरतो. दुसऱ्याने ते धावपट्टीवर तरंगत राहतं आणि जाड पंखांचा सगळा संथ डौल हरवतो. टॉरसला ११ × ६ द्यावा, फार तर ७. कुरारेला पाइपसकट अकरा बाय साडेसात किंवा पावणेआठ. आणि जुन्या साठ्यातला खरा लाकडी प्रॉपेलर मिळाला, तर इंजिनावर लावण्याआधी बोल्टच्या भोकापासून पात्याच्या टोकापर्यंत बारीक चीर शोधावी, तोल बघावा, आणि चीर दिसली तर तो भिंतीवर टांगावा.