प्रतिकृतीकामासाठी लहान टेबल सॉची निवड : वर्धेच्या यंत्रविचाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : गोल करवत, टेबल सॉ, प्रतिकृती, मगनवाडी, नई तालीम, यंत्रविवेक

प्रस्तावना

अलीकडच्या काळात महाविद्यालयीन प्रयोगशाळा, वास्तुकलेचे वर्ग, विज्ञान प्रदर्शने आणि हौशी कारागिरांच्या खोल्या यांत टेबलावर मावणारी विजेची लहान गोल करवत दिसू लागली आहे. वाडे, देवळे, जहाजे, पूल यांच्या लाकडी प्रतिकृती करणाऱ्यांना पातळ आणि एकसारख्या पट्ट्या लागतात आणि त्या हातकरवतीने काढणे जिकिरीचे असते. अशा यंत्राची खरेदी बहुधा किंमत आणि मोटरची ताकद या दोन आकड्यांवर ठरते. परंतु लहान यंत्राची निवड कशी करावी, हा प्रश्न भारतात नवा नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथून थोड्याच अंतरावरील मगनवाडीत गेल्या शतकात या प्रश्नाचा प्रदीर्घ विचार झाला. तो विचार चरखा, घाणी आणि जाते यांच्या संदर्भात झाला हे खरे. पण त्यातून निघालेल्या कसोट्या त्या साधनांपुरत्या मर्यादित नाहीत. त्या कसोट्यांवर आजची लहान करवत तपासून पाहणे आणि त्या कोठे अपुऱ्या पडतात हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) गोल करवतीच्या इतिहासातील कारखानदारी आणि कारागिरी यांच्या संबंधाचा आढावा घेणे.
२) १९२४ ते १९३८ या कालखंडात लहान यंत्राविषयी मांडल्या गेलेल्या कसोट्यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या कसोट्यांच्या आधारे प्रतिकृतीकामासाठी टेबल सॉ निवडण्याचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. तांत्रिक विवेचनात आवश्यक तेथे साधी गणिती पडताळणी केली आहे.

गोल करवतीचा प्रवास

परंपरागत भारतीय सुताराची करवत ओढताना कापते. सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबून धरतो आणि करवत स्वतःकडे ओढतो. कापण्याची गती, दिशा आणि थांबण्याचा क्षण या तिन्ही गोष्टी त्याच्या शरीराच्या ताब्यात असतात. गोल करवतीने हा संबंध बदलला. तिच्यात पाते अखंड फिरत राहते आणि माणूस लाकूड पात्याकडे नेतो.

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख आढळतो. तिचा मोठ्या प्रमाणावरील शिस्तबद्ध वापर मात्र पोर्ट्‌समथ येथील ब्रिटिश नौदलाच्या गोदीत झाला. शिडाच्या जहाजांना दोर ओढण्यासाठी हजारो लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यांनी आराखडे केलेली आणि हेन्री मॉड्स्ली यांनी घडविलेली यंत्रे तेथे एकामागोमाग एक बसविण्यात आली. १८०८ च्या सुमारास त्यांतून वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर करीत असलेले काम दहा अकुशल माणसे करू लागली.

या घटनेतील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ही यंत्रे नौदलाला मान्य व्हावीत म्हणून मॉड्स्ली यांनी आधी त्यांच्या लहान, चालत्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. म्हणजे शंभर कारागिरांची जागा घेणाऱ्या यंत्रमालिकेचा जन्म एका कुशल कारागिराच्या हातून, प्रतिकृतीच्या रूपात झाला. प्रतिकृती हे खेळणे नसून विचार तपासण्याचे साधन आहे, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

पुढे वाफेच्या आणि नंतर विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या करवती जगभर पसरल्या. विदर्भात आजही लाकूड चिरण्याच्या गिरणीला ‘आरामशीन’ म्हणतात. विसाव्या शतकात विजेची लहान मोटर स्वस्त झाली, तशी गोल करवत गिरणीतून सुताराच्या दुकानात आणि तेथून हौशी माणसाच्या टेबलावर आली. कारागिराला बाजूला सारणारे यंत्र आकाराने लहान होऊन एकट्या कारागिराच्या हाती परत आले. मात्र यंत्र लहान झाले एवढ्याने ते कारागिराच्या ताब्यात आले असे म्हणता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

वर्धेतील यंत्रविचार

गांधीजींची १९०९ मधील ‘हिंद स्वराज’मधील यंत्रविरोधी भूमिका सर्वश्रुत आहे. १९२४ मध्ये जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी ती अधिक नेमकी केली. आपला आक्षेप यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले आणि सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला. शरीराचे कष्ट वाचविणारे, पण माणसाला निकामी न करणारे यंत्र त्यांना वर्ज्य नव्हते. येथून ‘यंत्र हवे की नको’ या वादाच्या जागी ‘कोणते यंत्र, कोणाच्या हाती’ हा प्रश्न येतो.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके रूप १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने जाहीर केलेल्या एक लाख रुपयांच्या पारितोषिकात दिसते. सुधारित चरख्यासाठी घातलेल्या अटी एखाद्या अभियांत्रिकी निविदेसारख्या होत्या. चरखा वजनाने हलका, ने-आण करता येण्याजोगा आणि झोपडीत हाताने वा पायाने चालविता येणारा असावा. स्त्रीला फार श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी. योग्य निगा राखल्यास तो वीस वर्षे चालावा. आणि सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

या अटींत केवळ उत्पादनाचा विचार नाही. वापरणाऱ्याचे शरीर, घरातील जागा, दुरुस्तीचा खर्च आणि यंत्राचे आयुष्य यांना उत्पादनाइतकेच स्थान आहे. आजच्या जाहिरातींत मोटरचे वॅट आणि किंमत ठळकपणे छापलेली असते. वीस वर्षांनंतरच्या सुट्या भागाचा विचार अभावानेच आढळतो. किर्लोस्करवाडीत तयार झालेला काळे यांचा चरखा या स्पर्धेत उतरला होता. परंतु सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र मिळाले नाही आणि पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही. याच सुमारास पेटीत मिटवून नेता येणारा येरवडा चरखा मात्र रूढ झाला. तो सर्व अटींचे उत्तर नव्हता, पण जागा आणि ने-आण या अडचणी त्याने दूर केल्या. आदर्श यंत्राचा शोध आणि उपयुक्त यंत्राची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसून येते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेली वर्धेतील बाग मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि संघाचे काम तेथून चालू लागले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. झवेरभाई पटेल यांनी येथेच तेलघाणीत सुधारणा केल्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनवाडीतील काम जुन्या साधनांच्या जतनापुरते नव्हते. साधन वापरून, मोजून आणि बदलून पाहण्याची ती प्रयोगभूमी होती. विजेविषयीही तेथे सोवळे नव्हते. खेड्यातील प्रत्येक घरात वीज पोहोचली, तर ग्रामस्थांनी आपली अवजारे विजेवर चालविण्यास आपली हरकत नाही, असे गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून नमूद केले होते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धेत राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमची योजना तयार केली. मूलोद्योगांत कताई-विणाई आणि शेतीबरोबर सुतारकामाचाही समावेश होता. या योजनेत हस्तोद्योग हा फावल्या वेळचा विषय नव्हता. गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र त्यातून शिकविले जावे अशी अपेक्षा होती. त्यामुळे साधनाला आणखी एक कसोटी लागू झाली. साधनाने काम करावे आणि त्याचबरोबर शिकवावेही.

निवडीचे निकष

या कसोट्यांचा टेबल सॉच्या निवडीशी असलेला संबंध पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिला प्रश्न गरजेचा आहे. वर्षाकाठी दोन-चार प्रतिकृती करणाऱ्याला बारीक दातांची हातकरवत आणि कोन साधणारा खाचेचा साचा पुरेसा असतो. वक्र आकार कापायचे असतील तर टेबल सॉ निरुपयोगीच आहे; तेथे बारीक उभ्या पात्याची स्क्रोल सॉ हवी. एकाच मापाच्या अनेक सरळ पट्ट्या वारंवार लागत असतील, तरच टेबल सॉचे समर्थन होते.

दुसरा प्रश्न लाकडाच्या काटकसरीचा आहे. फर्निचरसाठी वापरल्या जाणाऱ्या २५० मि.मी. व्यासाच्या पात्याची चीर सुमारे ३ मि.मी. रुंद असते. लहान यंत्रावर ०.५ मि.मी. जाडीचे पाते बसविता येते. १०५ मि.मी. रुंदीच्या फळीतून ३ मि.मी. जाडीच्या पट्ट्या काढायच्या असतील, तर मोठ्या पात्याने १८ आणि पातळ पात्याने ३० पट्ट्या निघतात. उरलेल्या लाकडाचा भुसा होतो. मात्र पातळ पात्याला मर्यादाही आहेत. जाड लाकडात ते तापते, वाकते आणि कडा करपवते. १०० मि.मी. व्यासाचे पाते साधारणतः २५ मि.मी.च्या आसपासच खोल कापू शकते. म्हणून ओंडक्याची चिराई आरामशीनवर किंवा सुताराकडे आणि अंतिम पट्ट्या लहान करवतीवर, अशी कामाची विभागणी करणे श्रेयस्कर ठरते. लहान यंत्र परिसरातील सुताराला वगळत नाही, उलट त्याच्या कामाला जोडून घेते, ही बाब वर्धेच्या विचाराशी सुसंगत आहे.

लाकडाचा विचारही येथेच करावा लागतो. विदर्भात साग मुबलक असला, तरी त्यातील सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते. बारीक व एकसारख्या पोताचा हळदू आणि हलके, आकार टिकविणारे शिवण ही लाकडे लहान प्रतिकृतींना अधिक अनुकूल आहेत. सागच वापरायचा असेल, तर कार्बाइडचे दात असलेले पाते घ्यावे. पण त्याची चीर अधिक रुंद असते, याची नोंद ठेवावी.

तिसरा निकष अचूकतेचा आहे. लाकूड ज्या मार्गदर्शक पट्टीला टेकवून सरकवतात, ती फेन्स पात्याशी समांतर असणे मोटरच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचे आहे. याची तपासणी सोपी आहे. यंत्राचा प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करावी. तो दात पुढे असताना आणि पाते फिरवून मागे नेल्यावर फेन्सपासूनचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास समांतरता ही संकल्पना त्यांना फळ्यावरील आकृतीपेक्षा अधिक चांगली समजते. नई तालीमची शिकविण्याची कसोटी येथे प्रत्यक्षात उतरते.

चौथा निकष दुरुस्तीचा आहे. यंत्र आपल्याकडील २३० व्होल्ट पुरवठ्यावर चालणारे असावे. पात्याच्या मध्यभागाचे छिद्र प्रचलित मापाचे असावे, म्हणजे पाते बाजारात मिळते. पट्टा, बेअरिंग आणि कार्बन ब्रश बदलता येण्याजोगे असावेत. यंत्राच्या किमतीबरोबर पाती व सुट्या भागांचा वार्षिक खर्च मांडून पाहिला, तर स्वस्त वाटणारे यंत्र पुष्कळदा महाग ठरते.

कसोट्यांची मर्यादा : थांबण्याचा प्रश्न

वर्धेच्या कसोट्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. चरखा, जाते किंवा हातकरवत ही साधने माणसाच्या बळावर चालतात. हात थांबला की साधन थांबते. म्हणून १९२९ च्या अटींत श्रमाचा विचार आहे, पण यंत्र बंद होण्याचा नाही. विजेच्या मोटरने हे गृहीतक मोडीत काढले. १०० मि.मी. व्यासाचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९४ किलोमीटर होतो. यंत्र खेळण्याएवढे दिसते. दातांचा वेग मात्र महामार्गावरील मोटारीचा असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात टेबल सॉमुळे दरवर्षी सुमारे ३० हजार लोक जखमी होतात. त्वचेचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबविणारी यंत्रणा स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये सिद्ध केली. तथापि प्रतिकृतीकामाच्या लहान यंत्रांत ती सहसा नसते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले. परंतु त्याचा रोख कारखान्यांवर होता. शाळा-महाविद्यालयांतील टेबलावरचे यंत्र त्या चौकटीत सहजासहजी बसत नव्हते. त्यामुळे येथे कायद्यापेक्षा खरेदी करणाऱ्याचा विवेक अधिक महत्त्वाचा ठरतो. पात्यावर आच्छादन असावे. कापलेली चीर मिटून लाकूड उलटे उसळू नये, म्हणून पात्यामागे रायव्हिंग नाइफ असावा. बंद करण्याचे बटन न शोधता हाताला लागावे. अरुंद पट्टी बोटांनी न ढकलता काठीने पुढे सारावी. पाते लाकडाच्या वर थोडेच निघालेले असावे आणि हातमोजे घालून काम करू नये, कारण ते पात्यात ओढले जातात. बारीक भुसा फुफ्फुसात जाऊ नये म्हणून शोषणयंत्र जोडण्याची सोय पाहावी.

निष्कर्ष

१) गोल करवतीने प्रथम कुशल कारागिराची जागा घेतली, लहान आकारात ती कारागिराच्या हाती परत आली. परंतु आकार लहान होणे म्हणजे यंत्र ताब्यात येणे नव्हे.

२) १९२९ च्या अटींमधील शरीर, जागा, आयुष्य आणि दुरुस्ती या कसोट्या आजच्या टेबल सॉलाही लागू पडतात आणि त्या किंमत व वॅट यांपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत.

३) त्या स्पर्धेत सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र मिळाले नाही. टेबल सॉच्या बाबतीतही कोठे तरी तडजोड अटळ आहे. खोली, वेग किंवा ताकद यांत ती करता येते. फेन्सची समांतरता आणि सुरक्षितता यांत करता येत नाही.

४) हाताच्या बळावर आधारलेल्या वर्धेच्या कसोट्यांना विजेच्या युगात एका कसोटीची जोड द्यावी लागते. वापरणाऱ्याला हवे त्या क्षणी जे थांबविता येते, तेच यंत्र त्याच्या ताब्यात आहे असे म्हणावे. महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनी दरपत्रके मागविताना हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवल्यास मगनवाडीतील विचार संग्रहालयापुरता उरणार नाही. विद्यार्थ्यांची बोटेही सुरक्षित राहतील.