ब्लूटूथ हेडफोन, माऊस, कीबोर्ड कॉम्प्युटरला कसे जोडायचे? कनेक्ट होत नसेल तर काय करायचे?

ऑनलाइन मुलाखत अकरा वाजता आहे. पावणेअकराला तुम्ही लॅपटॉप उघडता, इअरबड्स कानात घालता आणि कानात आवाज येतो तो मोबाइलवरच्या मेसेजचा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मात्र इअरबड्सचे नाव दिसते आहे, खाली ‘पेअर्ड’ असेही लिहिले आहे. मग घाईघाईत चार बटणे दाबली जातात, लॅपटॉप बंद-चालू होतो आणि शेवटी कपाटातून वायरवाला हेडफोन शोधायची वेळ येते.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, ‘वस्तू खराब निघाली.’ पण अनेकदा बिघाड कशातच नसतो. इअरबड्स दुसऱ्याच उपकरणाला जोडलेले असतात, जुनी पेअरिंग बिघडलेली असते किंवा सिग्नलमध्ये अडथळा असतो. या तिन्ही गोष्टी घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता तपासता येतात. नवीन वस्तू घेण्याआधी हा लेख एकदा वाचा.

## आधी ओळखा: वस्तू ब्लूटूथची आहे की डोंगलची?

वायरलेस माऊस आणि कीबोर्ड दोन प्रकारचे असतात.

डोंगलवाले: यांच्यासोबत नखाएवढा यूएसबी डोंगल येतो. तो कॉम्प्युटरला लावला की काम सुरू. असा माऊस ब्लूटूथच्या यादीत कधीच दिसणार नाही, त्यामुळे तिथे शोधू नका. नवीन माऊसचा डोंगल सापडत नसेल तर सेल घालायची जागा उघडून बघा. अनेक कंपन्या डोंगल तिथेच ठेवतात.

डोंगल हरवला तर दुसऱ्या माऊसचा डोंगल सहसा चालत नाही. काही कंपन्यांचे डोंगल याला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या ‘युनिफाइंग’ डोंगलला त्याच प्रकारची ६ उपकरणे जोडता येतात. पण त्याच कंपनीने २०२१ मध्ये आणलेला ‘बोल्ट’ डोंगल वेगळा आहे. युनिफाइंगचा माऊस बोल्टला जोडता येत नाही.

ब्लूटूथवाले: यांना डोंगल लागत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ असावे लागते. लॅपटॉपमध्ये ते सहसा असतेच. जुन्या डेस्कटॉपमध्ये नसेल तर यूएसबीला लावायचा ब्लूटूथ ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो.

काही माऊस दोन्ही पद्धतींनी चालतात. त्यांच्या खालच्या बाजूला पद्धत बदलायचे बटण असते. ते चुकीच्या जागी असेल तर माऊस चालू असूनही हलणार नाही.

## ‘पेअर्ड’ आणि ‘कनेक्टेड’ यात फरक काय?

पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची ओळख करून देणे. ही ओळख एकदाच होते. त्या वेळी दोन्ही उपकरणे एक गुप्त किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या वेळी ती किल्ली जुळली की ती आपोआप जोडली जातात.

तुमच्या मोबाइलमध्ये एखाद्याचा नंबर सेव्ह आहे, याचा अर्थ तो आत्ता तुमच्याशी बोलतो आहे असा होत नाही. तसेच हे आहे. ‘पेअर्ड’ म्हणजे ओळख आहे. ‘कनेक्टेड’ म्हणजे आत्ता जोडलेले आहे. आवाज येण्यासाठी दुसरा शब्द दिसायला हवा.

तुम्हाला माहीत आहे का? ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आले आहे. त्याने वेगवेगळे प्रदेश एका राज्याखाली आणले, म्हणून वेगवेगळी उपकरणे जोडणाऱ्या तंत्राला त्याचे नाव दिले गेले. ब्लूटूथचे चिन्ह म्हणजे त्याच्या नावातील दोन आद्याक्षरे, जुन्या रून लिपीत एकत्र केलेली.

## कॉम्प्युटरला जोडण्याची पद्धत

पहिली पायरी वस्तूवर करायची असते. वस्तू नुसती चालू करणे आणि ती पेअरिंग मोडमध्ये टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक हेडफोन आणि माऊसमध्ये पॉवरचे किंवा ब्लूटूथचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. दिवा भराभर लुकलुकू लागला की ती वस्तू पेअरिंगसाठी तयार आहे. इअरबड्स असतील तर केसचे झाकण उघडे ठेवून केसवरचे बटण दाबून धरा. बटण नसेल तर सोबतचा माहितीचा कागद बघा.

आता कॉम्प्युटरकडे वळा. खालील नावे स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील.

विंडोज ११
१. ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यासाठी विंडोजचे बटण आणि ‘आय’ एकत्र दाबा.
२. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ वर जा आणि ब्लूटूथ चालू करा.
३. ‘ॲड डिव्हाइस’ वर क्लिक करून ‘ब्लूटूथ’ निवडा.
४. यादीत तुमच्या वस्तूचे नाव आले की त्यावर क्लिक करा.

विंडोज १०
‘सेटिंग्ज’ मध्ये ‘डिव्हायसेस’ निवडा. तिथे ‘ॲड ब्लूटूथ ऑर अदर डिव्हाइस’ आहे. पुढची कृती तीच.

मॅक
‘सिस्टिम सेटिंग्ज’ मध्ये ‘ब्लूटूथ’ उघडा. वस्तूचे नाव दिसले की ‘कनेक्ट’ करा.

कीबोर्ड जोडताना स्क्रीनवर एखादा आकडा दिसू शकतो. तो नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे असते. अनेक जण तो जुन्या कीबोर्डवर टाइप करतात आणि पेअरिंग फसते. फार जुन्या हेडसेटने पिन मागितला तर ०००० किंवा १२३४ वापरून पाहा.

## दोष कुणाचा? एका मिनिटाची चाचणी

काहीही दुरुस्त करण्याआधी ती वस्तू दुसऱ्या उपकरणाला, म्हणजे मोबाइलला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला जोडून बघा.

- तिथे नीट चालली, तर वस्तू ठीक आहे. अडचण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.
- तिथेही चालली नाही, तर आधी चार्जिंग किंवा सेल तपासा, मग वस्तू रिसेट करा. तरीही चालली नाही तर वस्तूतच बिघाड असण्याची शक्यता जास्त. वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा.

## अडचण १: यादीत नावच दिसत नाही

सगळ्यात आधी मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा. घरातला टॅब आणि टीव्ही यांनाही ती वस्तू जोडलेली असेल तर त्यांचेही बंद करा. अनेक हेडफोन एका वेळी एकाच उपकरणाला जोडले जातात. केसमधून काढताच ते सवयीने मोबाइल पकडतात आणि कॉम्प्युटरला दिसेनासे होतात. पेअरिंग झाल्यावर मोबाइलचे ब्लूटूथ पुन्हा चालू करता येईल. ‘मल्टिपॉइंट’ सोय असलेले हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येतात.

तरीही नाव दिसत नसेल तर विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘डिव्हायसेस’ असे जा. खाली ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ हा पर्याय असेल. तो ‘डिफॉल्ट’ वरून ‘ॲडव्हान्स्ड’ करा. आधी लपलेली काही उपकरणे यामुळे यादीत दिसू लागतात.

## अडचण २: पेअर्ड आहे, पण कनेक्ट होत नाही

बहुधा किल्ली जुळत नाही. वस्तू रिसेट केली किंवा विंडोज नव्याने टाकले की एका बाजूची किल्ली पुसली जाते आणि दुसऱ्या बाजूला जुनीच राहते. मग कितीही वेळा ‘कनेक्ट’ दाबा, उपयोग नाही.

उपाय: यादीत त्या वस्तूच्या नावाशेजारी तीन टिंबे आहेत. त्यावर क्लिक करून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. वस्तूही रिसेट करा. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा आणि पहिल्यापासून पेअरिंग करा. ओळख दोन्ही बाजूंनी पुसायची, फक्त एका बाजूने नाही.

## अडचण ३: कनेक्टेड आहे, पण आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच येतो

घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि आवाजाच्या यादीतून हेडफोन निवडा. अद्ययावत विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि ‘व्ही’ ही तीन बटणे एकत्र दाबली की ही यादी थेट उघडते.

व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये स्पीकर आणि माइक निवडायची वेगळी सेटिंग असते. विंडोजमध्ये हेडफोन निवडला तरी ॲपमध्ये लॅपटॉपचा स्पीकर राहू शकतो. दोन्ही ठिकाणी तपासा.

## अडचण ४: कॉल सुरू होताच आवाज एकदम खराब होतो

गाणे छान ऐकू येत होते, मीटिंग सुरू झाली आणि आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. हा बिघाड नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एक फक्त ऐकण्याची, चांगल्या दर्जाची. दुसरी कॉलची, ज्यात आवाज येतो आणि जातोही. हेडफोनचा माइक चालू झाला की दुसरी पद्धत लागू होते. तिच्यात सहसा आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेतले जातात. सीडीवरच्या गाण्यात हाच आकडा ४४,१०० असतो.

उपाय सोपा आहे: ऐकण्यासाठी हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. आवाज लगेच सुधारेल. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ही अडचण कमी होते, पण ती कॉम्प्युटर आणि हेडफोन दोन्हींमध्ये असावी लागते.

## अडचण ५: माऊस अडखळतो, आवाज तुटतो

ब्लूटूथ, बहुतेक डोंगल आणि वायफायचा एक पट्टा हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच. ही गर्दी टाळण्यासाठी साधे ब्लूटूथ ७९ चॅनेलमध्ये सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते. तरीही गर्दी फार झाली की आवाज तुटतो.

एक कारण सहसा लक्षात येत नाही: यूएसबी ३. या वेगवान पोर्टला लावलेल्या हार्ड डिस्कमधून आणि तिच्या वायरमधून याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. म्हणून:

- डोंगल हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्हच्या शेजारी लावू नका. हे पोर्ट बऱ्याचदा आतून निळे असतात. शक्यतो काळ्या पोर्टला डोंगल लावा.
- डोंगल सीपीयूच्या डब्यामागे असेल तर पुढे आणा. पत्र्यामुळे सिग्नल अडतो. छोट्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने डोंगल टेबलावर आणला तर उत्तमच.
- डेस्कटॉपच्या मागे वायफाय-ब्लूटूथचे अँटेना असतील तर ते नीट पिळून बसवले आहेत का ते बघा. काही जण ते खोक्यातच विसरतात.
- राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे वायफाय असेल तर कॉम्प्युटर त्याला जोडा.
- माऊसचा सेल बदलून बघा. संपत आलेल्या सेलवर दिवा लागतो, पण माऊस अडखळतो.

## अडचण ६: ब्लूटूथचे बटणच गायब झाले

१. एअरप्लेन मोड चालू झाला आहे का ते बघा.
२. ‘शट डाउन’ नको, ‘रिस्टार्ट’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही.
३. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘ब्लूटूथ’ खाली तुमचा ॲडॉप्टर शोधा. त्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ आणि मग ‘एनेबल’ करा.
४. तरीही जमले नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा ब्लूटूथ ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट’ म्हणणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाकू नका.

ब्लूटूथ दर थोड्या वेळाने आपोआप तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे असते. ती खूण काढून टाका.

## सुरक्षेसाठी इतके पाळा

- न मागता पेअरिंगची विनंती आली तर ‘नाही’ म्हणा.
- हेडफोन किंवा लॅपटॉप विकण्याआधी सगळ्या पेअरिंग पुसून टाका.
- डोंगलचे सॉफ्टवेअर अपडेट येत असेल तर करा. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या डोंगलमधील ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी दाखवली होती. तिच्यातून दुरून कुणीतरी तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करू शकत होते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्लूटूथ कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधी चालतो का?
सहसा नाही. विंडोज नव्याने टाकायचे असेल तर वायरचा किंवा डोंगलचा कीबोर्ड जवळ ठेवा.

ब्लूटूथ किती अंतरापर्यंत चालते?
साधारण १० मीटर. मधे भिंत असेल तर कमी. आपल्या शरीरातील पाणीही हा सिग्नल शोषते. त्यामुळे लॅपटॉपकडे पाठ केली तरी फरक पडू शकतो.

## थोडक्यात

मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा, वस्तू पेअरिंग मोडमध्ये टाका, जुनी ओळख दोन्ही बाजूंनी पुसा, आवाजाच्या यादीत हेडफोन निवडा, डोंगल मोकळ्या जागी आणा. बहुतेक अडचणी यात सुटतात.

आणि मुलाखत किंवा परीक्षा असेल तर ही तपासणी पावणेअकराला नको, आदल्या रात्री करा. वायरवाला हेडफोन असेल तर तोही टेबलावर काढून ठेवा. तुमच्या घरात किंवा ग्रुपमध्ये कुणाची ऑनलाइन मुलाखत जवळ आली असेल तर हा लेख त्यांना आजच पाठवा.