गॅबी पेटिटो हत्या प्रकरण

गॅबी पेटिटो हत्या प्रकरण हे इ.स. २०२१ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडलेले हत्येचे प्रकरण आहे. गॅब्रिएल ऊर्फ गॅबी पेटिटो (जन्म: १९ मार्च १९९९) ही २२ वर्षांची तरुणी आपला वाग्दत्त वर ब्रायन लाँड्री याच्यासह मोटारव्हॅनमधून देशाच्या प्रवासाला निघाली असता बेपत्ता झाली. पुढे वायोमिंग राज्यातील अरण्यात तिचा मृतदेह आढळला. हजारो अनोळखी व्यक्तींनी समाजमाध्यमांवर स्वतःहून शोधकार्य हाती घेतल्यामुळे हे प्रकरण जगभर गाजले. हौशी शोधकांच्या कार्याचे लाभ व धोके, घरगुती हिंसाचाराची लक्षणे ओळखण्यातील पोलिसांचे अपयश आणि बेपत्ता व्यक्तींच्या बातम्यांना मिळणारे असमान स्थान या तीन संदर्भांत या प्रकरणाची चर्चा होते.

पार्श्वभूमी

पेटिटो मूळची न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडची. लाँड्रीशी तिचा परिचय शालेय जीवनापासूनचा होता. वाङ्निश्चयानंतर ती त्याच्या आईवडिलांसमवेत फ्लोरिडा राज्यातील नॉर्थ पोर्ट येथे राहत असे. २ जुलै २०२१ रोजी दोघे न्यूयॉर्कहून पांढऱ्या रंगाच्या फोर्ड व्हॅनमधून निघाले. पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने पाहत सुमारे चार महिने फिरावे, असा त्यांचा बेत होता. प्रवासाची छायाचित्रे ती इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध करीत असे. १९ ऑगस्ट रोजी तिने युट्यूबवर प्रवासाची एक चित्रफीत ठेवली. तीत दोघेही आनंदी दिसतात.

मोआब येथील घटना

ही चित्रफीत प्रसिद्ध होण्याच्या एक आठवडा आधी, १२ ऑगस्ट रोजी, युटा राज्यातील मोआब येथे एका वाटसरूने आणीबाणीच्या ९११ क्रमांकावर दूरध्वनी केला. एक पुरुष एका तरुणीला मारत असल्याचे आपण पाहिले, असे त्याने कळविले. पोलिसांनी आर्चेस राष्ट्रीय उद्यानाजवळ व्हॅन अडविली. त्या वेळी पेटिटो रडत होती आणि भांडणाचा दोष स्वतःकडे घेत होती. आपण लाँड्रीला मारल्याचे तिने सांगितले. त्याने आपला चेहरा घट्ट धरल्याचेही तिने सांगितले होते. लाँड्रीच्या अंगावर ओरखडे दिसल्यामुळे पोलिसांनी तिलाच आक्रमक पक्ष मानले. गुन्हा न नोंदविता दोघांना त्या रात्रीपुरते वेगळे ठेवण्यात आले. लाँड्रीची व्यवस्था हॉटेलात झाली आणि व्हॅन पेटिटोकडे राहिली.

जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने, संबंधित अधिकाऱ्यांकडून अजाणतेपणी अनेक चुका झाल्याचा निष्कर्ष काढला. दूरध्वनी करणाऱ्या साक्षीदाराचा जबाब घेतला गेला नव्हता, ही त्यांतील एक महत्त्वाची उणीव होय.

बेपत्ता होणे व तपास

२७ ऑगस्ट रोजी वायोमिंगमधील जॅक्सन येथील एका उपाहारगृहात हे जोडपे दिसले. त्यानंतर पेटिटोला कोणी जिवंत पाहिल्याचे निश्चित झालेले नाही. १ सप्टेंबर रोजी लाँड्री व्हॅन घेऊन एकटाच नॉर्थ पोर्टला परतला. ११ सप्टेंबर रोजी पेटिटोच्या आईने मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार नोंदविली. लाँड्रीने पोलिसांशी बोलण्यास नकार दिला. काही दिवसांतच तोही घरातून नाहीसा झाल्याचे उघड झाले.

१९ सप्टेंबर रोजी ब्रिजर-टेटन राष्ट्रीय वनातील स्प्रेड क्रीक या तळाजवळ मानवी अवशेष आढळले. ते पेटिटोचे असल्याचे दोन दिवसांनी निश्चित झाले. गळा दाबल्यामुळे मृत्यू झाल्याचे टेटन काउंटीचे कॉरोनर ब्रेंट ब्लू यांनी १२ ऑक्टोबर रोजी जाहीर केले. दरम्यान, दुसऱ्याचे बँक कार्ड विनापरवाना वापरल्याच्या आरोपावरून लाँड्रीविरुद्ध संघीय अटक वॉरंट निघाले होते. २० ऑक्टोबर रोजी फ्लोरिडातील दलदलीच्या प्रदेशात त्याचे अवशेष, पिशवी व एक वही सापडली. त्याने स्वतःवर गोळी झाडून आत्महत्या केल्याचे वैद्यकीय तपासणीत दिसून आले. वहीत त्याने पेटिटोच्या मृत्यूची जबाबदारी स्वीकारल्याचे एफबीआय या संघीय तपास यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. हत्येत अन्य कोणाचा प्रत्यक्ष सहभाग आढळला नसल्याचेही तिने स्पष्ट केले. आरोपीच हयात नसल्यामुळे हत्येचा फौजदारी खटला उभा राहिला नाही.

हौशी शोधकांचा सहभाग

तक्रार नोंदविली गेल्यानंतर थोड्याच दिवसांत टिकटॉक, रेडिट, इन्स्टाग्राम व युट्यूब या माध्यमांवर असंख्य लोक या प्रकरणाची छाननी करू लागले. छायाचित्रांतील केसांचा रंग व लांबी, मजकुरातील शब्द, गाण्यांच्या याद्या, नोंदींच्या वेळा अशा बाबींवरून तर्क लढविले गेले. टिकटॉकवरील संबंधित चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या.

या खटाटोपातून काही उपयुक्त माहिती निश्चितपणे हाती आली. २७ ऑगस्ट रोजी त्याच परिसरातून प्रवास करणाऱ्या एका कुटुंबाच्या गाडीवरील कॅमेऱ्याने रस्त्याकडेला उभी असलेली पांढरी व्हॅन टिपली होती. शोधाची बातमी कळल्यावर त्या कुटुंबाने आपले चित्रण तपासले व ते एफबीआयकडे दिले. त्या भागात शोध आधीच सुरू झाला होता. मात्र या चित्रणामुळे व्हॅनचे नेमके ठिकाण व दिवस समजण्यास मदत झाली. २९ ऑगस्ट रोजी आपण लाँड्रीला एकट्याला गाडीतून काही अंतर नेल्याचे एका महिलेनेही पुढे येऊन सांगितले. ही दोन्ही माहिती घटनास्थळी स्वतः उपस्थित असलेल्या व्यक्तींकडून आली होती.

दूर बसून काढलेल्या अनुमानांची गोष्ट वेगळी होती. लाँड्री घराच्या अंगणातील फुलझाडांच्या वाफ्याखाली लपला असल्याचा दावा सर्वत्र पसरला व तो निराधार ठरला. मोआबजवळ त्याच महिन्यात झालेल्या दोन महिलांच्या हत्येशीही त्याचा संबंध जोडला गेला. स्थानिक शेरीफच्या कार्यालयाने तो नाकारला. लाँड्री दिसल्याच्या वार्ता अनेक राज्यांतून येत राहिल्या आणि त्याच्याशी साम्य असलेल्या एका गिर्यारोहकाला संघीय अधिकाऱ्यांच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. लाँड्री कुटुंबाच्या घरासमोर निदर्शक व चित्रीकरण करणारे दिवसेंदिवस ठाण मांडून होते. एका तरुणीच्या मृत्यूचे मनोरंजनात रूपांतर झाल्याची टीकाही या काळात झाली.

विशेष म्हणजे, हिंसाचाराची सर्वांत स्पष्ट नोंद शोधून काढावी लागणार नव्हती. ती १२ ऑगस्टपासून मोआब पोलिसांच्या गणवेशावरील कॅमेऱ्यांत व ९११ च्या ध्वनिमुद्रणात उपलब्ध होती.

प्रसिद्धीतील विषमता

इतर बेपत्ता व्यक्तींच्या तुलनेत या प्रकरणाला मिळालेली प्रसिद्धी वादाचा विषय ठरली. गोऱ्या तरुणी बेपत्ता झाल्यास माध्यमे अधिक लक्ष देतात, या प्रवृत्तीला पत्रकार ग्वेन आयफिल यांनी ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’ असे नाव दिले होते. त्या संज्ञेची आता पुन्हा चर्चा झाली. वायोमिंगमध्येच २०११ ते २०२० या काळात ७१० आदिवासी व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद असल्याचे एका अहवालात नमूद आहे. पेटिटोच्या वडिलांनीही, सर्व बेपत्ता व्यक्तींना असेच साहाय्य मिळावे, असे जाहीर आवाहन केले. या प्रसिद्धीमुळेच टेटन परिसरात हरवलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाच्या शोधाकडे लक्ष वेधले गेले आणि त्याचा मृतदेह सापडला.

परिणाम

पेटिटोच्या आईवडिलांनी तिच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये लाँड्रीच्या मालमत्तेविरुद्धच्या दिवाणी दाव्यात पेटिटो कुटुंबाला ३० लाख डॉलर मंजूर झाले. मोआब पोलिसांविरुद्धचा दावा मात्र २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

युटा राज्याने २०२३ मध्ये व फ्लोरिडाने २०२४ मध्ये कायदे केले. त्यांनुसार घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीत पोलिसांना पीडित व्यक्तीला ठराविक प्रश्न विचारून तिच्या जिवाला असलेल्या धोक्याचे मूल्यमापन करावे लागते. अशा प्रश्नावल्यांत, जोडीदाराने कधी गळा आवळण्याचा प्रयत्न केला होता का, हा एक प्रमुख प्रश्न असतो.