दांतांत भरावयाची चांदी : एका वादाचा इतिहास

दंतवैद्यकाच्या इतिहासांत ज्यास ‘अमाल्गमचा तंटा’ असें म्हणतात त्याची हकीकत बहुधा एकाच थाटानें सांगण्यांत येते. दोन भोंदू भाऊ युरोपांतून अमेरिकेंत गेले, त्यांनीं पाऱ्याचें एक निकृष्ट द्रव्य लोकांच्या दांतांत कोंबून पैसा मिळविला, आणि प्रामाणिक दंतवैद्यांनीं एकजूट करून त्यांस हुसकून लाविलें, असा हा वृत्तांत आहे. त्यांत तथ्यांश नाहीं असें नव्हे. परंतु ज्या द्रव्याविरुद्ध एवढें रण माजलें तेंच द्रव्य पुढें शंभरांहून अधिक वर्षें जगभर कां चाललें, हें या वृत्तांतानें उलगडत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत माणसांचे दोष आणि द्रव्याचे गुणधर्म हे दोन प्रश्न वेगळे करून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम द्रव्याचें स्वरूप पाहूं. सोनें, चांदी, कथील इत्यादि धातु पाऱ्यांत मिसळून जातात, ही गोष्ट आपल्याकडील सोनारांस पूर्वापार ठाऊक आहे. पाऱ्याच्या साह्यानें चढविलेला सोन्याचा मुलामा हें त्याचेंच उदाहरण होय. चांदीयुक्त धातूचा कीस पाऱ्यांत खलला म्हणजे लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तो दांताच्या पोकळींत हवा तसा दाबून बसवितां येतो व कांहीं तासांत घट्ट होतो. यासच अमाल्गम म्हणजे पारदमिश्र म्हणतात. आपल्याकडे दांतांत ‘चांदी भरणें’ म्हणतात तें हेंच. मात्र त्या चांदीचा निम्म्याच्या जवळपास भाग पारा असतो, हें नांवावरून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चीन देशांत तांग राजवटींतील इ. स. ६५९ च्या औषधिग्रंथांत चांदीच्या अशा लेपाचा उल्लेख आहे. परंतु आपणांस ज्या वादाचा विचार करावयाचा त्याचा उगम पॅरिस शहरांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चांगलें दंतपूरण म्हणजे सोन्याच्या वर्खाचें, अशी समजूत होती. सोनें गंजत नाहीं व काळें पडत नाहीं, हे त्याचे गुण. पण वर्खाचे थर एकावर एक दाबून बसविण्यास फार वेळ व मोठें कसब लागे, आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आटोक्यांतली नव्हती. पर्याय म्हणून पॅरिस येथें बिस्मथ, शिसें व कथील यांची, दार्से याच्या नांवानें प्रसिद्ध असलेली मिश्रधातु वितळवून दांतांत ओतीत. तिचा वितळण्याचा अंश उकळत्या पाण्याच्या जवळपास असल्यामुळें रोग्याचे काय हाल होत असतील हें सांगावयास नकोच. इ. स. १८१८ मध्यें रेन्यार यानें तींत पारा मिसळून हा अंश खालीं आणिला. पुढें १८२६ च्या सुमारास तावो यानें रुप्याच्या नाण्यांचा कीस पाऱ्यांत खलून उष्णतेवांचूनच भरतां येईल असा लेप सिद्ध केला. सोय मोठी झाली; पण नाण्यांतील चांदी निर्भेळ नसे, तींत तांब्याचा भाग असे, आणि पाऱ्याचें प्रमाणही ज्याच्या त्याच्या अंदाजाचें. असा लेप घट्ट होतांना फुगे. त्यामुळें भरण वर येऊन दांतावर दांत बसेना, किंवा कमजोर झालेला दांतच तडकून जाई.

क्रॉकूर नांवाचे बंधु १८३३ मध्यें न्यूयॉर्क येथें उतरले ते हाच लेप घेऊन. त्यास त्यांनीं ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’, म्हणजे सोन्याच्या ऐवजीं वापरावयाचें राजेशाही खनिज, असें भपकेदार नांव दिलें होतें. कीड न काढतांच ते पोकळी बुजवीत, असा त्यांच्यावर आरोप आहे. त्यांच्याविषयीं जें लिहिलेलें आज वाचावयास मिळतें तें बहुतेक त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या लेखणींतून उतरलेलें आहे, हें अभ्यासकानें विसरतां कामा नये. तथापि आरोप खरा धरला तरी त्यावरून सिद्ध होतें तें इतकेंच कीं, काम वाईट होतें. किडलेल्या दांतांत सोनें भरलें असतें तरी तो दांत सडलाच असता.

यानंतरचीं वर्षें दंतवैद्यकाच्या धंद्यास शास्त्राची प्रतिष्ठा मिळण्याचीं होत. १८३९ मध्यें अमेरिकेंत या विषयाचें नियतकालिक निघालें. १८४० मध्यें बाल्टिमोर येथें दंतवैद्यकाचें विद्यालय स्थापन झालें. आणि त्याच वर्षीं ‘अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स’ ही सभा निघाली. या सभेनें १८४३ मध्यें अमाल्गम वापरणें म्हणजे वैद्यकीय दुराचार होय असा ठराव केला. १८४५ मध्यें तर तें कदापि वापरणार नाहीं अशी लेखी प्रतिज्ञा सभासदांकडून मागण्यांत आली व न करणारांस सभेबाहेर काढण्याचें ठरलें. परिणाम विपरीत झाला. पुष्कळ सभासद निघून गेले. १८५० मध्यें प्रतिज्ञा मागें घ्यावी लागली. आणि १८५६ मध्यें सभाच मोडली. राष्ट्रव्यापी म्हणून निघालेली दंतवैद्यांची ही पहिली सभा एका भरणाच्या द्रव्यापायीं लयास गेली.

आतां या वादांत कोणाचें म्हणणें कितपत खरें होतें तें पाहूं. विरोधकांचे मुख्य आक्षेप दोन : पारा विषारी आहे, आणि भरणाचा आकार टिकत नाहीं. समर्थकांचें म्हणणें असें कीं, गरिबाचा दांत उपटण्यापेक्षां स्वस्त द्रव्यानें तो राखणें बरें. आमच्या मतें तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण लेप किती फुगतो, कशानें फुगतो, आणि प्रमाण बदलल्यास काय होतें, हें मोजून पाहण्याऐवजीं उभय पक्षांनीं परस्परांच्या नीतिमत्तेचाच पंचनामा केला. जो प्रश्न काट्यानें सुटावयाचा तो शपथेनें सोडविण्याचा हा प्रयत्न होता.

मोजमापास आरंभ झाला तो सभा मोडल्यावर. फिलाडेल्फियाच्या टाउनसेंड यानें १८५५ मध्यें नाणीं सोडून चांदी व कथील यांची मिश्रधातु पुढें आणिली होती. लंडन येथें जॉन टोम्स यानें १८६१ मध्यें व त्याचा पुत्र चार्ल्स यानें १८७२ च्या सुमारास अमाल्गमचें आकुंचन-प्रसरण मोजण्याचे प्रयोग केले. खरा निकाल लावला तो अमेरिकेंतील जी. व्ही. ब्लॅक यानें १८९५-९६ मध्यें. सूक्ष्ममापक यंत्रें व चावण्याचा जोर मोजण्याचें उपकरण योजून त्यानें दाखविलें कीं, चांदी वाढली म्हणजे मिश्र फुगतें, कथील वाढलें म्हणजे आक्रसतें. चांदी दोन-तृतीयांशांहून किंचित् अधिक, कथील सुमारें एक-चतुर्थांश व थोडें तांबें अशी योजना केल्यास दोन्ही दोष आटोक्यांत राहतात. कीस ताजा कीं मुरलेला यावरही गुण बदलतो, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यावर प्रतिज्ञा लिहून घेतल्या तो दोष अशा रीतीनें प्रमाणाचा ठरला.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९१९ मध्यें अमेरिकन सैन्याच्या विनंतीवरून वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मापन संस्थेनें अमाल्गमची परीक्षा हातीं घेतली व त्यांतून द्रव्यास किमान कसोट्या लावण्याची पद्धति पडली. मिश्रांत जस्त असून भरतांना ओल लागल्यास हायड्रोजन वायु निर्माण होऊन भरण मागाहून फुगतें, हें १९४२ च्या सुमारास तेथेंच उघड झालें. कॅनडांत इनेस व यूडेलिस यांनीं १९६३ मध्यें तांब्याचें प्रमाण वाढवून अधिक टिकाऊ मिश्र तयार केलें.

राहिला पाऱ्याचा आक्षेप. १९२६ मध्यें बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यानें पाऱ्याच्या वाफेच्या अपायाविषयीं लिहून हा प्रश्न पुन्हां उकरून काढला. नॉर्वेनें २००८ मध्यें व स्वीडननें २००९ मध्यें या भरणाचा वापर जवळजवळ बंद केला. २०१३ चा मिनामाता करार २०१७ मध्यें अंमलांत आला व भारतानें त्यास २०१८ मध्यें मान्यता दिली. युरोपीय संघानें १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, तें थांबविलें. यावरून १८४५ च्या प्रतिज्ञाकारांचा विजय झाला असें कोणी म्हणेल. पण तें बरोबर नाहीं. त्यांचा आक्षेप रोग्याच्या शरीरापुरता होता. आजचे निर्बंध मुख्यतः पाणी, माती व हवा यांत साठणाऱ्या पाऱ्यासाठीं आहेत. निष्कर्ष जुळला तरी कारण निराळें आहे, आणि इतिहासकारानें कारणावरच बोट ठेविलें पाहिजे.

अमाल्गमची जागा आज ज्या राळमिश्र भरणांनीं घेतली आहे त्यांचा पाया बोवेन यानें घातला. त्याच्या राळेस १९६२ मध्यें पेटंट मिळालें. हीं भरणें दांताच्या रंगाचीं असतात व त्यांत पारा नसतो. पण घट्ट होतांना तींही आक्रसतात, आणि भरण व दांत यांमधील फट कशी टाळावी हा टोम्स पितापुत्रांचा प्रश्न नव्या द्रव्यासही सुटलेला नाहीं. निर्दोष असें द्रव्य नाहीं. कोणता दोष किती आहे हें मोजून कोणता पत्करावयाचा एवढेंच ठरवावयाचें असतें. १८४५ च्या सभेनें तें मोजलें असतें तर सभाही टिकती आणि कित्येक गरिबांचे दांतही राहते, असें आम्हांस वाटतें.